बीजगणित-भूमितीचा गृहपाठ: कोरं पान समोर आहे, सुरुवात कुठून करायची?

नववीत गेलं की गणिताची दोन पुस्तकं हातात पडतात, भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, आणि बऱ्याच पोरांचं तिथूनच बिनसायला लागतं. आठवीपर्यंत सगळं एकाच पुस्तकात असतं, एक धडा नाही जमला तर पुढचा जमतो, वर्ष निघून जातं. नववीत मात्र कंस सोडवता येत नसेल तर समीकरण अडतं, समीकरण अडलं की भूमितीतल्या कोनाची किंमत निघत नाही, मग पोरगं म्हणतं मला भूमिती येत नाही, आणि खरी गडबड असते सातवीच्या वजाबाकीच्या चिन्हात.

हे लिहितेय ते नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी, आणि संध्याकाळी पोरांना घेऊन बसणाऱ्या आईबाबांसाठी पण, ज्यांना "आमच्या वेळी वेगळं होतं" म्हणून सुटका करून घ्यायची सवय लागलीय. समीकरण तेव्हा पण असंच सुटायचं.

अजून एक, पुस्तकात एक्स, वाय असतात, मी इथे क्ष आणि य लिहिणार आहे, त्रिकोणाला अ, ब, क. अक्षर कुठलं घेतलं याला महत्त्व नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्य माहीत नसलेल्या संख्येला यावत्तावत् म्हणायचे, आणि अशा संख्या जास्त झाल्या की कालक, नीलक, पीतक, म्हणजे चक्क रंगांची नावं द्यायचे. तुम्ही वहीच्या किमतीला व म्हणालात तरी गणित तेच राहतं, फक्त व म्हणजे नक्की काय ते आधी लिहायचं.

बसण्याआधी

वहीच्या पानावर उजवीकडे चार बोटं सोडून एक उभी रेघ मारा. त्या पट्ट्यात कच्चं काम करायचं, गुणाकार, लसावि, जे काही असेल ते. वेगळ्या कागदावर कच्चं काम करणारी पोरं आकडा इकडून तिकडे नेताना ६८ चे ८६ करतात आणि मग अर्धा तास चूक शोधत बसतात. पट्टा शेजारीच असला की चूक लगेच दिसते, शिकवणाऱ्यालाही दिसते.

कंपासपेटीत टोक काढलेली पेन्सिल, खोडरबर, कोनमापक आणि कंपास एवढं हवंच. आकृती पेनाने काढू नका, कारण ती पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही आणि पेनाने काढलेली चुकीची आकृती पुसायचा कंटाळा येतो म्हणून तीच ठेवून लोक पुढे जातात.

आणि गृहपाठ सुरू करायच्या आधी त्या धड्यातलं एक सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, वाचायचं, मग हाताने झाकून स्वतः सोडवायचं. नुसतं वाचून "हां कळलं" म्हणणं काही उपयोगाचं नाही, वाचताना सगळंच कळतं. पुस्तक घरी नसेल तर बालभारतीच्या साईटवरून पीडीएफ फुकट मिळतं, त्यासाठी अडून राहू नका.

पहिली ओळ

गृहपाठात सगळ्यात जास्त वेळ पहिली ओळ खाते. म्हणून तिचा नियम ठरवून टाका: पहिल्या ओळीत काहीही सोडवायचं नाही. दिलंय काय आणि विचारलंय काय, एवढंच लिहायचं. बीजगणितात ते "समजा मुलीचे आजचे वय क्ष वर्षे" असं दिसतं आणि भूमितीत "पक्ष" आणि "साध्य" असं दिसतं, काम एकच.

"समजा" नंतर पूर्ण लिहा. "समजा मुलगी = क्ष" असं लिहिणारे खूप आहेत. मुलगी क्ष कशी असेल? वय क्ष आहे, तेही आजचं आहे, पाच वर्षांपूर्वीचं नाही, आणि हे लिहिलं नाही की तिसऱ्या ओळीत घोळ होतो तो होतोच. बघा कसा:

आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. ५ वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट होतं. तर दोघींची आजची वयं काढा.

मुलीचं आजचं वय क्ष, म्हणजे आईचं ३क्ष. पाच वर्षांपूर्वी मुलगी (क्ष − ५) आणि आई (३क्ष − ५). इथे अर्धा वर्ग आईच्या वयातून ५ वजा करतो आणि मुलीच्या वयातून करायचं विसरतो, जणू पोरगी पाच वर्षं तेवढीच राहिली. दोघींच्या वयातून ५ गेले पाहिजेत, आणि चौपट करायची ती (क्ष − ५) ची, नुसत्या क्ष ची नाही, म्हणून कंस:

३क्ष − ५ = ४(क्ष − ५)
३क्ष − ५ = ४क्ष − २०
२० − ५ = ४क्ष − ३क्ष
१५ = क्ष

मुलगी १५, आई ४५. पाच वर्षांपूर्वी १० आणि ४०, चौपट, जमलं.

शाब्दिक उदाहरणाची भीती वाटते ती वाक्य एका दमात वाचतो म्हणून. तोडून वाचायचं. "एका संख्येच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी" यात आधी तिप्पट होते, ३क्ष, मग ४ जातात, ३क्ष − ४. "एका संख्येतून ४ वजा करून त्याची तिप्पट" यात आधी वजा होतं, (क्ष − ४), मग तिप्पट, ३(क्ष − ४). शब्द जवळपास तेच आहेत पण क्ष च्या जागी १० घालून बघा, पहिलं २६ येतं आणि दुसरं १८. कुठलंही वाक्य समीकरणात बरोबर उतरलं का हे बघायला ही सोपी युक्ती आहे, क्ष च्या जागी साधा आकडा घालायचा आणि वाक्य जे सांगतंय तेच होतंय का ते बघायचं.

समीकरण सोडवताना

"पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." हे वाक्य मला फारसं आवडत नाही, पण सगळीकडे हेच शिकवतात आणि वेगानं सोडवायला ते चालतं पण. अडचण अशी की पोरं हे पाठ करतात आणि मग २क्ष = १४ मध्ये २ पलीकडे नेऊन १४ − २ करून १२ काढतात, कारण चिन्ह बदलायचं सांगितलंय ना. म्हणून आधी निदान आठवडाभर लांबच्या रस्त्यानं जा. समीकरण म्हणजे किराणा दुकानातला जुना तराजू समजा, दोन्ही पारडी सारखी आहेत, एका पारड्यातून काढलं तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढायचं. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, दोन्ही बाजूंना २ ने भागलं, असं प्रत्येक ओळीच्या शेजारी लिहायचं. २ क्ष ला गुणलेला आहे, तर त्याला सोडवायला भागावं लागणार, वजा करून तो सुटणार नाही.

एक साधं घेऊ:

३(क्ष − २) = क्ष + ८

कंस सोडवा, ३ ने आतल्या दोन्ही पदांना गुणायचं, पहिल्यालाच नाही:

३क्ष − ६ = क्ष + ८

दोन्ही बाजूंतून क्ष वजा:

२क्ष − ६ = ८

दोन्ही बाजूंत ६ मिळवले:

२क्ष = १४

दोन्ही बाजूंना २ ने भागलं:

क्ष = ७

आता ताळा. मूळ समीकरणात, मधल्या कुठल्या ओळीत नाही, मूळ समीकरणात ७ घालायचे. डावीकडे ३ × ५ = १५, उजवीकडे ७ + ८ = १५. झालं. हे करायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागत नाही आणि तरी शंभरातली नव्वद पोरं करत नाहीत, उत्तरसूची बघायला मात्र मागची पानं उलगडतात. उत्तरसूची परीक्षेत मिळत नाही, ताळा मिळतो.

ताळ्याचा खरा फायदा वजाबाकीच्या कंसात कळतो. हे बघा:

५ − (क्ष − ३) = २

घाईत लिहिलं जातं ५ − क्ष − ३ = २, मग २ − क्ष = २, मग क्ष = ०. उत्तर दिसायला एकदम स्वच्छ. ताळा करा, ५ − (० − ३) म्हणजे ५ + ३ म्हणजे ८, आणि उजवीकडे २. चुकलं. कंसाच्या आधी वजा असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, − ३ चे + ३ होतात, म्हणजे ५ − क्ष + ३ = २, ८ − क्ष = २, क्ष = ६. मला वाटतं नववीच्या बीजगणितातल्या चुकांची यादी केली तर ही एकटीच पहिल्या नंबरवर येईल.

अपूर्णांक आले की घाबरायचं नाही, त्यांना पहिल्याच पायरीत घालवायचं. क्ष/२ + क्ष/३ = १० असेल तर छेदांचा लसावि ६, प्रत्येक पदाला ६ ने गुणा, उजवीकडच्या १० ला पण, तो एकटा विसरला जातो. ३क्ष + २क्ष = ६०, ५क्ष = ६०, क्ष = १२. ताळा ६ + ४ = १०.

दोन चलं असली की

दोन वह्या आणि तीन पेनं ९० रुपयांना, तीन वह्या आणि दोन पेनं ११० रुपयांना, तर एकेकाची किंमत काय. वहीची किंमत क्ष रुपये, पेनाची य रुपये.

२क्ष + ३य = ९०
३क्ष + २य = ११०

नेहमीची पद्धत अशी की एका चलाचे (क्ष किंवा य चे) सहगुणक, म्हणजे त्याला गुणलेले आकडे, सारखे करायचे. पहिल्याला ३ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, मग वजाबाकी करून क्ष घालवा. चालेल, कधीही चालेल. पण आधी दोन सेकंद समीकरणांकडे नुसतं बघा. सहगुणकांची अदलाबदल झालीय, २ आणि ३ चे ३ आणि २. असं दिसलं की दोन्ही समीकरणांची बेरीज करायची, ५क्ष + ५य = २००, म्हणजे क्ष + य = ४०. मग दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं, क्ष − य = २०. आता बेरीज ४० आणि फरक २०, हे तर तोंडी होतं, वही ३० ची, पेन १० चं. दहावीच्या परीक्षेत असे सहगुणक मोठमोठे आकडे देऊन विचारतात, ९९ आणि १०१ वगैरे, आणि ज्याला ही अदलाबदल दिसत नाही तो गुणाकार करत बसतो.

समीकरणांची वजाबाकी करताना खालच्या ओळीतली सगळी चिन्हं बदलून लिहा, मनात बदलू नका. उजव्या बाजूच्या संख्येचं पण चिन्ह बदलतं.

वर्ग आणि अवयव

(क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ नाही. कितीही वेळा सांगा, कुणीतरी लिहितंच. खात्री पटत नसेल तर क्ष च्या जागी ४ घाला, (४ + ३)² म्हणजे ४९, आणि १६ + ९ म्हणजे २५, मधले २४ कुठे गेले? ते २ × ४ × ३ आहेत. हे डोक्यात पक्कं बसवायचं असेल तर आकृती काढा, (क्ष + ३) बाजूचा चौरस, आत एक आडवी आणि एक उभी रेघ, चार तुकडे होतात, एक क्ष बाजूचा चौरस, एक ३ बाजूचा चौरस, आणि दोन आयत क्ष गुणिले ३ चे. त्या दोन आयतांचेच ६क्ष होतात. म्हणून क्ष² + ६क्ष + ९. ज्यांना सूत्रं पाठ होत नाहीत त्यांनी हा चौरस पाठ करावा.

अवयव पाडताना मात्र उलटं जायचं. क्ष² + ७क्ष + १२ दिलंय, तर अशा दोन संख्या शोधा ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७, म्हणजे ३ आणि ४, उत्तर (क्ष + ३)(क्ष + ४). क्ष² − क्ष − १२ असेल तर गुणाकार − १२, बेरीज − १, एक संख्या धन एक ऋण, मोठी ऋण, − ४ आणि ३. उत्तर (क्ष − ४)(क्ष + ३). कच्च्या पट्ट्यात १२ च्या सगळ्या जोड्या लिहून काढा, १ × १२, २ × ६, ३ × ४, आणि मग चिन्हं लावून बघा. अवयव बरोबर आले का हे बघायला परत गुणाकार करायचा, तोच ताळा.

आता भूमिती

भूमितीत आकृती हे निम्मं काम आहे आणि त्याच आकृतीनं फसवलं पण जातं. प्रश्नात "त्रिकोण अबक" एवढंच म्हटलं असेल तर तिन्ही बाजू वेगवेगळ्या दिसतील असा वाकडातिकडा त्रिकोण काढा. सवयीनं सगळे छान समभुज काढतात, मग आकृतीत दोन बाजू सारख्या दिसतात आणि सिद्धतेत नकळत "अब = अक" घुसतं, जे कुणी दिलेलंच नव्हतं. आकृतीत दिसतंय हे कारण होत नाही. दिलंय, रचना केलीय, आधी सिद्ध केलंय किंवा प्रमेय आहे, यातलंच काहीतरी हवं.

आकृती मोठी काढा, निम्मं पान गेलं तरी चालेल. जे दिलंय ते तिच्यावर खुणांनी मांडा, सारख्या बाजूंवर सारख्या बारीक रेघा, सारख्या कोनांत सारखे कंस, काटकोनात छोटा चौकोन. मग प्रश्न बाजूला ठेवून फक्त आकृतीकडे बघत अजून काय काय कळतंय ते लिहीत जा, विरुद्ध कोन, रेषीय जोडी, त्रिकोणातला तिसरा कोन. हे "नुसतं लिहीत जाणं" खूप जणांना वेळ घालवणं वाटतं पण भूमितीतलं अडलेलं बहुतेक इथेच सुटतं.

समांतर रेषांचं एक उदाहरण घेऊ. दोन समांतर रेषा, त्यांना एक छेदिका छेदते, दोन कोन दिलेत (२क्ष + १०)° आणि (३क्ष − २०)°. क्ष काढा. यात काय करणार? काही ठरवता येत नाही जोपर्यंत ते कोन कुठले हे आकृतीत बघत नाही. व्युत्क्रम कोन असतील, म्हणजे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे आतले, तर सारखे:

२क्ष + १० = ३क्ष − २०, क्ष = ३०, दोन्ही कोन ७०°.

आंतरकोन असतील, म्हणजे छेदिकेच्या एकाच बाजूचे आतले, तर बेरीज १८०°:

५क्ष − १० = १८०, क्ष = ३८, कोन ८६° आणि ९४°.

तेच दोन कंस, दोन वेगळी उत्तरं. म्हणून समीकरण मांडायच्या आधी शब्दात लिहायचं, "व्युत्क्रम कोन समान" किंवा "आंतरकोनांची बेरीज १८०°". हे लिहिताना हात थांबला तर समजा की आकृती नीट बघितलेली नाही. आणि क्ष काढून थांबू नका, प्रश्नात कोन विचारला असेल तर कोनापर्यंत जा. क्ष = ३८ लिहून पेन खाली ठेवलं आणि मार्क गेले असं दर वर्षी होतं.

सिद्धता लिहायची कशी

सिद्धता ही पोरांना पाठांतराची गोष्ट वाटते. पाठ करायची असतील तर प्रमेयांची विधानं करा, सिद्धता नका करू, ती उलट्या बाजूनं शोधता येते. शेवटापासून विचारा. साध्य काय आहे? दोन कोन सारखे दाखवायचेत. ते दोन कोन कुठल्या दोन त्रिकोणांत बसतात? ते त्रिकोण एकरूप, म्हणजे आकारानं आणि मापानं तंतोतंत सारखे, झाले तर काम होईल. एकरूप व्हायला काय काय हवं? त्यातलं पक्षात काय मिळालंय? उरलेलं कुठून आणू?

समद्विभुज त्रिकोणाचं घेऊ. त्रिकोण अबक मध्ये अब = अक दिलंय, कोन ब = कोन क दाखवायचंय. आकृतीत त्रिकोण एकच आहे, दोन हवेत, मग करायची रचना: कोन अ चा दुभाजक काढा, तो बाजू बक ला ड मध्ये छेदतो. आता दोन त्रिकोण झाले, अबड आणि अकड.

बाजू अब = बाजू अक ... (पक्ष)
कोन बअड = कोन कअड ... (रचना)
बाजू अड = बाजू अड ... (सामाईक बाजू)

म्हणून त्रिकोण अबड आणि त्रिकोण अकड एकरूप ... (बाकोबा कसोटी, म्हणजे बाजू-कोन-बाजू)
म्हणून कोन ब = कोन क ... (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

बस, पाच ओळी. प्रत्येक ओळीला उजवीकडे कारण, कारणाशिवाय एकही ओळ नाही. नावं लिहिताना क्रम पाळा, अ समोर अ, ब समोर क, ड समोर ड, म्हणून अबड आणि अकड. "अबड आणि कअड" लिहिलं तर तुम्ही म्हणताय ब चा जोडीदार अ आहे, आणि शेवटच्या ओळीत संगत कोन चुकीचे निघतात.

कसोट्यांची नावं मजेशीर आहेत म्हणून लक्षात राहतात, बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा, आणि काटकोन त्रिकोणांसाठी कर्णभुजा. यात बाबाको नाही हे बघून ठेवा, दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन सारखा असून भागत नाही, कोन त्या दोन बाजूंमधला लागतो. आणि तिन्ही कोन सारखे असले तर त्रिकोण समरूप होतात, एकरूप होतीलच असं नाही, एक लहान एक मोठा असू शकतो. गृहपाठाच्या वहीत या दोघांची सरमिसळ भरपूर असते.

दहावीला प्रश्नपत्रिकेत "कृती पूर्ण करा" म्हणून चौकटी दिलेल्या असतात, त्या पण अशाच भरायच्या, आधी खालची ओळ वाचा मग वरच्या चौकटीत काय हवं ते कळतं. आणि पेपर प्रत्येकी ४० मार्कांचा, वेळ २ तास, तिथे पायऱ्यांना मार्क असतात, शेवटचं उत्तर चुकलं तरी वरच्या ओळी बरोबर असतील तर काहीतरी हातात पडतं. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला तेही पडत नाही.

पायथागोरस, आणि दोन्ही पुस्तकं एकत्र येतात ती जागा

काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. वापरण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या, काटकोन खरंच दिलाय का, आणि कर्ण कुठला. कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू, तिरकी दिसणारी नाही, कारण आकृती फिरवून दिली की तिरकी कुठलीही दिसते. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही त्रिकुटं तोंडपाठ ठेवा, खूप वेळ वाचतो.

आणि आता एक जुनं उदाहरण, भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं, ११५० च्या सुमाराचं. सपाट जमिनीवर ३२ हात उंच बांबू उभा आहे, वाऱ्यानं तो मधेच मोडतो आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतं, तर बांबू बुंध्यापासून किती हातांवर मोडला?

आकृती काढा. उभा राहिलेला तुकडा, जमीन, आणि तिरका पडलेला तुकडा, काटकोन त्रिकोण झाला. समजा बांबू जमिनीपासून क्ष हातांवर मोडला. मग तिरका तुकडा (३२ − क्ष) हात, कारण बांबू मोडला तरी एकूण लांबी ३२ च राहिली. हे वाक्य उदाहरणात कुठेही सरळ लिहिलेलं नाही आणि सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे. काटकोन बुंध्यापाशी, म्हणून कर्ण तो तिरका तुकडा:

(३२ − क्ष)² = क्ष² + १६²
१०२४ − ६४क्ष + क्ष² = क्ष² + २५६
१०२४ − ६४क्ष = २५६
६४क्ष = ७६८
क्ष = १२

वर्गसमीकरण आलं म्हणून घाबरला असाल पण दोन्हीकडचे क्ष² उडाले आणि साधं समीकरण उरलं. ताळा, उभा तुकडा १२, तिरका २०, बेरीज ३२, आणि १४४ + २५६ = ४००, विसाचा वर्ग. १२-१६-२० हे ३-४-५ च आहे चौपट केलेलं, ज्याला त्रिकूट दिसलं त्याचं तोंडी सुटलं. आणि मधलं ६४क्ष विसरून नुसतं १०२४ + क्ष² लिहिलं असतं तर? दोन्हीकडचे क्ष² जाऊन १०२४ = २५६ उरलं असतं. असं काहीतरी अशक्य समोर आलं की पुढे ढकलू नका, वर जाऊन बघा, बहुतेक वर्गाचं मधलं पद गेलेलं असतं.

क्षेत्रफळात पटकन

त्रिकोणाची उंची म्हणजे पायावरचा लंब, बाजूची तिरकी रेघ नाही. समांतरभुज चौकोनाचंही तसंच, पाया गुणिले उंची, शेजारच्या दोन बाजूंचा गुणाकार नाही. एक माप मीटरमध्ये आणि एक सेंटिमीटरमध्ये असेल तर आधी सारखी करा, १ चौरस मीटरचे १०,००० चौरस सेंटिमीटर होतात, १०० नाही. π (पाय) ची किंमत प्रश्नात ३.१४ दिली असेल तर तीच घ्या, काहीच दिली नसेल आणि त्रिज्येला ७ ने भाग जात असेल तर २२/७ सोयीची. उत्तरापुढे एकक लिहा, लांबीचं सेमी, क्षेत्रफळाचं चौसेमी.

अडलं तर

दहा मिनिटं एकाच उदाहरणावर गेली आणि एकही नवीन ओळ आली नाही तर पुढचं घ्या, पण अडलेल्याच्या शेजारी लिहून ठेवा की नक्की कुठे अडलं. "आलं नाही" असं नको, "दोन त्रिकोण सापडले पण तिसरी जोडी मिळत नाही" असं. दुसऱ्या दिवशी सरांना किंवा ताईला हे दाखवलं की ते दोन मिनिटांत सांगतात, नुसतं "सर हे येत नाही" म्हटलं की ते सगळं पहिल्यापासून करून दाखवतात आणि तुम्ही फळ्यावरून उतरवून घेता, पुढच्या उदाहरणाला परत तिथेच.

मोबाईलवर फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आहेत, गाईडं पण आहेत, ती वापरू नका असं मी म्हणणार नाही कारण तुम्ही वापरणारच. फक्त आधी तुमच्या तीन ओळी वहीत असू देत आणि मग त्यांची ओळ तुमच्या ओळीशी लावून बघा, कुठे वेगळी होते तेवढंच बघायचं आणि बंद करायचं.

पालकांनी पेन हातात घेऊ नये. खरंच. "क्ष म्हणजे काय धरलंस?", "हे कशावरून?" आणि "ताळा केलास?" हे तीन प्रश्न विचारायला गणित यायची पण गरज नाही.

हे चार वहीत करून बघा

एक, ४(क्ष + १) = ७क्ष − ८.

दोन, एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते, ती संख्या कोणती? इथे दशकाचा अंक क्ष, एककाचा य, आणि संख्या १०क्ष + य, क्षय नाही.

तीन, त्रिकोणाच्या कोनांचं गुणोत्तर २:३:४ आहे, तिन्ही कोन काढा.

चार, आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ सेमीने जास्त आहे आणि कर्ण १३ सेमी आहे, लांबी रुंदी काढा.

उत्तरं: पहिल्याचं ४, दुसऱ्याचं ३६, तिसऱ्याचं ४०°, ६०°, ८०°. चौथ्यात रुंदी क्ष धरली की पायथागोरसवरून क्ष² + ७क्ष − ६० = ० येतं, अवयव (क्ष + १२)(क्ष − ५), म्हणजे क्ष च्या दोन किमती, − १२ आणि ५. रुंदी ऋण नसते म्हणून − १२ सोडायची, पण गुपचूप खोडायची नाही, "रुंदी ऋण नसते" असं वहीत लिहून सोडायची. रुंदी ५ सेमी, लांबी १२ सेमी.